मास्तरांची उघडी जखम

मास्तरांना उघडी वस्तू बघवत नसे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोफे, खुर्च्या, मोटारींच्या सीटा यांना नवं कापड चढवणारे मास्तर. धंदा वडिलांचा, गल्लीच्या तोंडाशी असलेलं दुकानही वडिलांचंच. उसवलेलं, फाटलेलं, आ वासलेलं काहीही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तर आधी टेबलाचा अर्धवट उघडा खण आत ढकलायचे आणि मग पाणी प्यायचे. एकदा बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या पर्सची चेन उघडी दिसली. मास्तरांनी ती सद्हेतूने ओढून लावली आणि बाईंनी त्यांच्या थोबाडीत दिली. घरी आल्यावर गाल चोळत ते बायकोला म्हणाले, काही का असेना, चेन लागली.

अशा माणसाला जखम झाली, आणि तीही बसण्याच्या जागी. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुडाची सोय केली त्याला स्वतःला बसता येईना. पण हे घडलं कसं ते आधी सांगायला हवं.

बाजारातल्या फोटो स्टुडिओत एक जुना सोफा होता. त्यावर बसून गावातल्या निम्म्या कुटुंबांनी फोटो काढले होते. फोटोग्राफरने तो नव्या कापडासाठी मास्तरांकडे दिला. मास्तरांनी कापड बदललं, काथ्या थोडा झाडून परत भरला, स्प्रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या. जुनी स्प्रिंग आणि जुना मित्र बदलू नये, असं त्यांचं मत होतं. सोफा पोचवला त्या दिवशी स्टुडिओत एक मोठं कुटुंब फोटोसाठी नटूनथटून उभं होतं. त्यातल्या आजीबाईंनी सोफ्याकडे संशयाने पाहून विचारलं की हा आम्हा सगळ्यांना पेलेल ना? झालं. मास्तरांच्या कामावर कुणी शंका घेतली की त्यांच्या अंगात यायचं. ते सोफ्यापुढे उभे राहिले, सगळ्यांनी नीट बघा म्हणाले आणि धपकन बसले. सोफा हूं की चूं करेना. ते पुन्हा उठले, पुन्हा बसले. आजीबाईंचं समाधान झालं होतं, त्या तसं म्हणाल्याही. पण आ बैल मुझे मार म्हणतात ते असं. मास्तर तिसऱ्यांदा जरा उंचावरून बसले. आत खण्णकन आवाज झाला आणि जुन्या मित्राने नवं कापड फाडून मास्तरांना मिठी मारली. दचकून फोटोग्राफरचं बोट बटणावर पडलं. त्या फोटोत कुटुंब दोन्ही बाजूंना हसतमुख उभं आहे, आणि मधोमध मास्तर, सोफ्यापासून वीतभर वर, हवेत. फोटो इतका स्पष्ट आला की फोटोग्राफरने तो काचेत लावला. लोक विचारायचे, हे मधले कोण? तो सांगायचा, आमचे सोफावाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मास्तरांना पालथं झोपवलं, सुई टोचून जागा बधिर केली आणि जखम धुवायला घेतली. मीठपाण्याच्या बाटल्या संपत होत्या आणि आतून गंज आणि काथ्या निघत होता. मास्तरांनी उशीत तोंड खुपसलेल्या स्थितीतच विचारलं की टाका कुठला घालणार, सुट्या गाठीचा की धावदोऱ्याचा? डॉक्टरबाई म्हणाल्या, कुठलाच नाही. जखम उघडी ठेवायची.

मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. सुरीने सरळ, स्वच्छ कापलं असेल तर लगेच बंद करता येतं. दोऱ्याने शिवा, पिना मारा, चिकटपट्टी लावा, जे जिथे शोभेल ते. पण ही जखम खोल होती, आत घाण गेली होती. घाण आत ठेवून वरून शिवणं म्हणजे चोर घरात असताना बाहेरून कुलूप लावणं. चार-पाच दिवस बघू, स्वच्छ राहिली तर तेव्हा टाके घालू. कधीकधी तसंही करतात.

मास्तर मान हलवून घरी आले, पण मनातून त्यांना पटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला असं फाटकं काम हातात देऊन घरी पाठवलं तर धंदा चालेल का, असं ते बायकोला दिवसभर विचारत राहिले. आपण चालतोय, बोलतोय, आणि मागे एक भोक उघडं आहे, हा विचार त्यांना जेवू देईना. ते उभ्यानेच जेवत होते हा भाग वेगळा. शेवटी बायको बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी दुकानातून सोल्यूशनचा डबा आणला. फोमवर रेक्झिन चिकटवतात ते सोल्यूशन, पिवळं आणि उग्र वासाचं. कामात ते पक्के शिस्तीचे. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून त्यांनी जखमेच्या दोन्ही कडांना सोल्यूशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मग कडा जुळवून दाबल्या. दाब टिकावा म्हणून लाकूड आवळायचा शिकंजाही लावून पाहिला, पण तो लावल्यावर डोळ्यांपुढे असे काजवे चमकले की लगेच काढला. आरशात उजवं-डावं उलटं दिसतं, हे त्यांच्या लक्षात उशिरा आलं. तोवर बरंचसं सोल्यूशन भलतीकडे लागलं होतं आणि खांद्यावरून घसरलेला टॉवेल तिथे कायमचा बसला होता.

बायको पिशवी घेऊन आत आली तेव्हा नवरा आरशापुढे उभा होता आणि त्याला निळ्या चौकड्यांची शेपूट होती. तिने पिशवी खाली ठेवली. आता काय केलंत, असं तिने विचारलं नाही. या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला तो प्रश्न केव्हाच निरर्थक झाला होता. तिने कात्री आणली आणि टॉवेल जमेल तितका जवळून कापला.

दोन दिवस मास्तर विजयी वीरासारखे हिंडले. मग ताप भरला, जागा ठणकायला लागली, आणि नवरा-बायको रिक्षातून दवाखान्यात गेले. ती सीटवर बसून, ते सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेतून रहदारीकडे बघत. मागच्या गाडीवाल्याला वाटलं हे आपल्याला नमस्कार करतायत, त्यानेही केला.

डॉक्टरबाईंनी पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे?

"फोमचं सोल्यूशन," मास्तर म्हणाले. "दोन्ही बाजूंना लावून, सुकवून, मग दाबलं."

डॉक्टरबाई भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. नर्स म्हणाली, बाईंना खोकला आहे. पण त्या परत वळल्या तेव्हा चेहरा गंभीर होता. वरून मिटलेल्या त्या जागेखाली पू साचला होता. तो मोकळा केला, सोल्यूशन आणि टॉवेलचे धागे सोलून काढले, तेव्हा जखम आधीच्या दुप्पट झाली होती. मास्तर दैवाचेच बळी, असं म्हणायला कुणाला वाव राहिला नाही. हे हात दाखवून अवलक्षण होतं.

आता टाक्यांचं नाव नको, डॉक्टरबाई म्हणाल्या. ही जखम तळापासून भरू द्यायची. आधी तळाशी बारीक लाल दाणे येतील, डाळिंबाच्या दाण्यांसारखे ओले. ते वर वर चढतील. कडा आपण होऊन जवळ सरकतील. सगळ्यात शेवटी कातडी. आपलं काम एवढंच की वरचं तोंड घाईने मिटू द्यायचं नाही. त्यासाठी आत ओली पट्टी ठेवायची, आणि ती रोज बदलायची. हलक्या हाताने ठेवायची, गादीत कापूस कोंबतात तशी नाही. हे घरचं कुणीतरी शिकून घ्या.

मास्तरांची बायको शिकायला पुढे झाली. तिने जखमेत डोकावलं, ती "अगं बाई" म्हणाली आणि आडवी झाली. पडताना तिची भुवई ट्रॉलीच्या कोपऱ्याला लागली आणि चांगली बोटाच्या पेराएवढी फाटली. डॉक्टरबाईंनी मास्तरांना तसंच पालथं सोडून तिला शेजारच्या टेबलावर घेतलं, जखम धुतली, कडा जुळवून धरल्या आणि एका छोट्या नळीतून वर काहीतरी लावलं. मास्तर मान वळवून बघत होते.

"ते काय लावताय?" त्यांनी विचारलं.

"गोंद," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तरांना आयुष्यात अनेकदा आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं होतं, पण इतका उघड अन्याय कधी झाला नव्हता. डॉक्टरबाईंनी काम न थांबवता सांगितलं की हा गोंद वेगळा, ही जखम उथळ, सरळ आणि ताजी, आणि गोंद वरून लावायचा असतो, आत नाही. मास्तर म्हणाले, बरं. पण घरी जाताना रिक्षात गुडघ्यांवर उभे राहून ते बायकोच्या भुवईकडे हेव्याने बघत होते.

आता पट्टी बदलायची कुणी? बायकोचा निकाल लागला होता. मुलगी परगावी. मास्तरांची मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती तयार होती, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; तिने पहिल्या दिवशी पट्टी मांडीला बांधली. मग ताईच म्हणाली, गल्लीत स्थिर हाताचा माणूस एकच आहे. मास्तरांनी उशीत तोंड घातलं. तो माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ.

थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं दुकान मास्तरांच्या दुकानासमोरच होतं, आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. कधीपासून? तेव्हा मास्तरांची मुलगी शाळेत जात होती, आता तिची मुलगी जाते. कारण होतं एक खुर्ची. मास्तरांनी भावाला दुकानात बसायला एक खुर्ची बनवून दिली होती. आठवडाभरात ती हमालाच्या डोक्यावरून परत आली. हमालाने निरोप सांगितला, बसलं की झोप येते म्हणाले. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. मास्तरांनी त्याच हमालाच्या हाती भावाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ परत पाठवलं: सांग त्यांना, ऐकलं की झोप उडते. तेव्हापासून दोघांमधलं सगळं बोलणं ताईमार्फत चाले. आईच्या आजारपणात, मुलीच्या लग्नात, घराच्या वाटणीत, सगळीकडे ताई मधे उभी राहून इकडचं तिकडे सांगायची.

घड्याळजी दुसऱ्या सकाळी आले. डोळ्याला घड्याळाचं भिंग, हातात उकळून घेतलेला चिमटा. दवाखान्यात जाऊन नर्सकडून शिकून आले होते. मास्तर खाटेवर पालथे पडले होते आणि भिंतीकडे बघत होते. ताई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

घड्याळजींनी पाहिलं आणि म्हणाले, "त्याला सांग, जरा डावीकडे वळ."

"जरा डावीकडे वळ," ताई म्हणाली.

"सांग त्याला, वळलो," मास्तर भिंतीला म्हणाले.

"वळला," ताई म्हणाली.

रोज हेच. हाताच्या अंतरावर दोन भाऊ, त्यातला एक दुसऱ्याच्या जखमेत चिमटा घालून, आणि मधे ताई. दुखतंय का, हे विचारायला दोन खेपा आणि थोडंसं, हे सांगायला दोन खेपा. कधी चिमटा आधी पोचायचा आणि "थांब" नंतर. शेजारी आधी हळहळायला यायचे. मग ऐकायला यायला लागले. घड्याळजी मात्र कुणाकडे बघत नसत. ते भिंगातून जखमेच्या तळाशी इतक्या आस्थेने बघत की एकदा त्यांनी सवयीने कान लावला. आत काही चालतंय का ते ऐकायचं होतं बहुधा.

दाणे आले. अगदी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसेच, लाल, ओले, बारीक. घड्याळजींनी ताईला सांगितलं, त्याला सांग, दाणे आले. ताईने सांगितलं. मास्तरांना स्वतःला ते बघता येत नव्हतं. त्यांनी विचारायला सांगितलं की नक्की कसे आहेत? तिकडून सविस्तर वर्णन निघालं, आणि ते पोचवता पोचवता ताईचा घसा बसला.

दुसऱ्या दिवशी ताईच्या तोंडून आवाजच फुटेना. ती आपली सवयीने पायथ्याशी उभी राहिली. घड्याळजी म्हणाले, त्याला सांग, वळ. ताईने ओठ हलवले. मास्तरांना भिंत दिसत होती, ओठ दिसत नव्हते. ते वळले नाहीत. घड्याळजी चिमटा धरून उभे, मास्तर पालथे, ताई हातवारे करतेय. बायको दारात आली, सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाली, चहा उकळतोय, आणि निघून गेली.

बऱ्याच वेळाने घड्याळजींनी घसा खाकरला. "वळ जरा," ते म्हणाले.

मास्तर वळले. पट्टी निघाली. चेहरे एकमेकांना दिसत नव्हते, ही मोठी सोय होती. समोरासमोर बसवलं असतं तर दोघांचीही दातखीळ बसली असती. पण एकाचं तोंड भिंतीकडे आणि दुसऱ्याचं भिंगात, अशा अवस्थेत माणूस काहीही बोलू शकतो.

"त्या खुर्चीत काय वाईट होतं?" मास्तरांनी भिंतीला विचारलं.

"वाईट काही नव्हतं. बसलं की झोप यायची."

"म्हणजे वाईटच ना?"

"वाईट कसं? दुपारी जो डोळा लागायचा तो संध्याकाळी उघडायचा. एका गिऱ्हाइकाने माझ्या हातातून स्वतःचं घड्याळ सोडवून नेलं, मला पत्ता नाही. इतकी चांगली खुर्ची दुकानात ठेवून मी काय करू? म्हणून परत पाठवली, सांगितलं, बसलं की झोप येते."

मास्तरांनी यावर विचार केला. इतकी वर्षं जो अपमान त्यांनी जपून ठेवला होता, तो ती खुर्ची बनवणाऱ्याला मिळू शकणारी सगळ्यात मोठी शाबासकी होती, हे हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरलं. ते काही सुखाने उतरलं नाही. इतका जुना राग एकाएकी हातातून गेला की हात रिकामे वाटतात.

"मग घरी न्यायची होती," ते शेवटी म्हणाले.

"घरी वहिनी बसली असती," घड्याळजी म्हणाले. स्वतःच्या बायकोला ते मास्तरांशी बोलताना वहिनीच म्हणायचे, पूर्वी, बोलत होते तेव्हा. "आणि घड्याळ? ते का परत केलंस?"

"ते रागाने. चालत चांगलं होतं."

"मला माहीत होतं चांगलं चालतंय," घड्याळजी जरा दुखावून म्हणाले.

इथे दोघांनी गळ्यात गळे घातले असं कुणी सांगेल तर खोटं आहे. एक तर ती स्थिती त्याला सोयीची नव्हती. शिवाय दुसऱ्या दिवसापासून दोघे भांडायला लागले. पट्टी किती ओली असावी, यावरून भांडण. दिवा कुठून धरावा, यावरून भांडण. बाबा आधी कुणावर चिडायचे, यावरून तर मोठंच. इतक्या वर्षांची उधारी होती, ती सगळी मधल्या माणसाशिवाय, थेट. शेजाऱ्यांनी खुर्च्या आणल्या.

जखम भरत होती. खड्डा उथळ झाला, कडा सरकल्या. आणि जसजशी ती भरत गेली तसतसे दोघे भाऊ उदास व्हायला लागले. घड्याळजींना बघायला रोज कमी उरू लागलं आणि मास्तरांना रोज कमी दुखू लागलं. पट्टी बोटाच्या टोकाएवढी लागायला लागली तेव्हा घड्याळजी म्हणाले, आता होईलच बंद. मास्तर म्हणाले, घाई नको. हे वाक्य आपल्या तोंडून आलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

मग एक गंमत झाली. दाणे थांबेनात. ते कडांच्याही वर आले, मांसाचा उंचवटा झाला, आणि कातडीला त्याच्यावरून चढता येईना. डॉक्टरबाईंनी काडीच्या टोकाला लावलेलं औषध त्यावर टेकवलं, उंचवटा काळा पडला, आणि त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी, अजून आठवडाभर पट्टी लागेल. दोन्ही भावांनी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. बाहेर आल्यावर घड्याळजी म्हणाले, नाइलाज आहे. मास्तर म्हणाले, अगदीच नाइलाज.

अखेर कातडी आली, गुलाबी, पातळ, चकचकीत. डॉक्टरबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, झालं. ही मूळ कातडीइतकी भक्कम कधी होणार नाही, पण बसायला पुरेल. मास्तर तिथल्या लाकडी बाकावर जपून बसले. डोळे मिटून बसले.

सगळं सुरळीत झालं असतं, पण ताईचा आवाज परत आला. ती आनंदाने मास्तरांकडे आली, आणि पाहते तर दोघे भाऊ ओट्यावर शेजारी शेजारी बसून दिव्यावरून भांडतायत. त्याला सांग, असं कुणीच म्हणेना. ताई थोडा वेळ उभी राहिली. मग तिने विचारलं, "तुम्हाला बोलता येत होतं?"

घड्याळजी भिंग पुसायला लागले.

"आईच्या आजारपणात मी ह्या घरातून त्या घरात किती फेऱ्या मारल्या. लग्नात जेवायला सवड मिळाली नाही मला. आणि तुम्हाला बोलता येत होतं."

ती वळली आणि गेली. तेव्हापासून ती दोघांशीही बोलत नाही. मास्तर गेले तर आतून कडी, घड्याळजी गेले तर आतून कडी. मास्तरांची बायको मात्र आत जाऊ शकते. म्हणून हल्ली रोज संध्याकाळी दोघे भाऊ ताईच्या दारासमोर कठड्यावर बसलेले दिसतात आणि मास्तरांची बायको, भुवईवर पांढरी रेघ, आतबाहेर करत असते. परवा घड्याळजींनी सांगितलं, तिला सांग, आमचं चुकलं. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"त्या म्हणतायत," ती म्हणाली, "दोघांपैकी कुणाचं जास्त चुकलं ते आधी ठरवा."

दोघे अजून ठरवतायत. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो, आणि दाराची कडी आतून काढलेली आहे, असं बायको म्हणते. ताईला त्यांचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून.